पोस्टडॉक शोधताना आधी पैसा कुणाचा ते पाहा

डेटा सायन्स किंवा संगणकीय विज्ञानातली पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकरीची, जाहिरात आली, की बहुतेक जण आधी विषय वाचतात. त्याच्याही आधी पैसा कुणाचा आहे ते पाहा. प्राध्यापकाच्या प्रकल्पाचा असेल, तर काम आणि रुजू होण्याची तारीख जवळजवळ ठरलेली असते. फेलोशिप, म्हणजे तुमच्या नावावर मिळणारा निधी असेल, तर प्रस्ताव तुम्हाला लिहायचा असतो आणि मुदत बहुधा वर्षातून एकदाच येते.

युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप घ्या. मुदत साधारण सप्टेंबरमध्ये संपते. ज्या देशात जायचं, तिथे मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य झालेलं चालत नाही. पुण्यात पीएचडी करणाऱ्याला याची अडचण नाही. जर्मनीत पीएचडी करून तिथेच राहू पाहणाऱ्याचा अर्ज मात्र बाद होतो. अर्ज यजमान संस्थेबरोबर करायचा असल्यामुळे तिथल्या प्राध्यापकांना मार्च-एप्रिलमध्येच लिहा. ऑगस्टमध्ये युरोपातले बरेच जण सुट्टीवर असतात.

शोधताना नुसता ‘पोस्टडॉक’ हा शब्द टाकून भागत नाही. ब्रिटनमध्ये हेच पद ‘रिसर्च असोसिएट’ असतं, जर्मनीत ‘विसेनशाफ्टलिशर मिटआर्बायटर’. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत विल्किन्सन फेलोशिप आहे, बर्कले लॅबमध्ये अल्वारेझ. गणिताकडचं काम असेल तर मॅथजॉब्स ही वेबसाइट पाहा. तिथल्या बऱ्याच मुदती नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि रुजू व्हायचं ते पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. संख्यात्मक पद्धतींसाठी एनए डायजेस्ट हे ईमेल-वार्तापत्र, खगोलशास्त्रातल्या डेटासाठी अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर, युरोपसाठी युरॅक्सेस हे पोर्टल.

आता ईमेल. दीडशे-दोनशे शब्द पुरतात. त्यांच्या कोणत्या पेपरमधला कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही, त्याला तुमची कोणती पद्धत लागू पडते आणि तुम्ही कधीपासून मोकळे आहात, एवढं लिहा. ‘आपल्या कामाने प्रभावित झालो’ हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, म्हणूनच त्याचा उपयोग होत नाही.

आपल्या क्षेत्रात कोडच्या रेपॉझिटरीला, म्हणजे कोड इतरांना पाहता येईल अशा ऑनलाइन जागेला, फार महत्त्व आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त हयगय होते. पाहणारा तुम्हाला फार तर दहा मिनिटं देईल. लायब्ररींच्या (वापरलेल्या तयार कोडसंचांच्या) आवृत्त्या नोंदवलेल्या नसतील, तर पहिल्याच आज्ञेला एरर येते आणि तो खिडकी बंद करतो. रीडमी (कोड कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) लिहा, आवृत्त्यांची फाइल ठेवा, नमुन्याचा लहान डेटा द्या आणि पेपरमधली एक तरी आकृती एका आज्ञेत तयार होऊ द्या. मूळ डेटा गोपनीय असेल, तर त्याच रचनेचा कृत्रिम डेटा ठेवा. हे सगळं नव्या, कोऱ्या मशीनवर स्वतः चालवून पाहा. तुमच्या लॅपटॉपवर ते चालतंच, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. महिनाभर आधी सांगा, सोबत सीव्ही आणि प्रस्तावाचा मसुदा द्या. एक पत्र गाईडव्यतिरिक्त अशा व्यक्तीचं असावं, जिने तुमचा कोड वापरला आहे.

आपल्याकडे थिसिस सादर केल्यापासून व्हायव्हापर्यंत (तोंडी परीक्षेपर्यंत) कित्येक महिने जाऊ शकतात, त्यात व्हिसाचा वेळ वेगळा. तेवढ्यात प्रकल्पाची तारीख निघून जाते. म्हणून प्रोव्हिजनल सर्टिफिकेट चालेल का, हे ऑफर स्वीकारण्याआधीच लेखी विचारून घ्या. त्याच पत्रात करार किती महिन्यांचा आहे आणि क्लस्टरवर (संस्थेच्या सामायिक संगणकांवर) जीपीयूचे, म्हणजे जड गणनांसाठीच्या चिपचे, किती तास मिळतील, हेही विचारा.