हप्ता चुकला, मुदत वाढली

साल 1800. ओहायो नदीपलीकडचं जंगल. अमेरिकी सरकारने मोजणीदार पाठवून इथे 640 एकरांचे चौकोन आखलेत आणि जमीन विक्रीला काढलीय. ही जमीन सरकारची झाली कशी? लढाईत हरलेल्या मूळ रहिवासी जमातींकडून 1795च्या ग्रीनव्हिलच्या तहात यातला मोठा भाग लिहून घेतला होता.

भाव एकरी किमान 2 डॉलर, आणि घ्यायची तर निदान 320 एकर. म्हणजे 640 डॉलर. कुऱ्हाड आणि बैलजोडी घेऊन आलेल्या माणसाकडे एवढी रोकड कुठली? त्या प्रदेशाचा काँग्रेसमधला, म्हणजे अमेरिकी संसदेतला, प्रतिनिधी विल्यम हेन्री हॅरिसन याने उधारीचा कायदा पुढे आणला. चौथाई रक्कम सुरुवातीला, उरलेले तीन हप्ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाअखेर. व्याज 6 टक्के. त्यावर एक वर्ष सवलतीचं, मग जमीन जप्त.

कागदावर सोपं होतं. पण आधी झाडं तोडायची, मग खुंटांमधून मका पेरायचा. पीक आलं तरी जवळ बाजार नाही. माल तराफ्यांवरून पार न्यू ऑर्लिन्सला. हप्ते थकू लागले.

1806मध्ये काँग्रेसने पहिली मुदतवाढ दिली. 1807च्या निर्यातबंदीने शेतमालाचे भाव पाडले, पुन्हा वाढ. 1812चं युद्ध, पुन्हा वाढ. 1820पर्यंत असे दहाहून जास्त कायदे झाले. यात दयेपेक्षा नाइलाज मोठा होता. जप्तीचा लिलाव पुकारला तर बोली लावणार कोण? शेजारीपाजारी सगळेच थकबाकीदार, आणि तेच मतदार. शिवाय नाव कष्टकऱ्याचं पुढे करून सट्टेवालेही त्याच सवलतीत बसत.

खरा फुगा फुगला दक्षिणेकडच्या अलाबामात. कापूस तेजीत होता. गुलामांच्या श्रमावर मळे उभारणाऱ्यांनी लिलावात अवाच्या सवा बोली लावल्या, त्याही उधारीवर. 1819मध्ये कापूस कोसळला, बँका बुडाल्या. सरकारची येणी 2 कोटी 20 लाख डॉलरवर गेली. त्यातली जवळपास निम्मी एकट्या अलाबामाकडून.

1 जुलै 1820पासून उधारी बंद. जुन्या देणेकऱ्यांसाठी अर्थमंत्री विल्यम क्रॉफर्ड यांनी तोडगा सुचवला, तो 1821मध्ये कायदा झाला. झेपत नाही तेवढी जमीन परत करा, भरलेले पैसे उरलेल्या जमिनीत वळते करू. थकलेलं व्याज माफ. बाकी फेडायला चार, सहा किंवा आठ वर्षं. एकरकमी भरणाऱ्याला साडेसदतीस टक्के सूट! नियमाने हप्ते भरून मोकळ्या झालेल्यांच्या हाती मात्र यातलं काहीच आलं नाही.

नव्या गिऱ्हाइकाला आता 80 एकर 100 डॉलरला मिळत होते, पण रोख. ज्यांच्याकडे तेही नव्हते, ते मोजणीची वाट न बघता जंगलात शिरले आणि झोपडी बांधून राहू लागले.