बोराएवढी मोसंबी का गळते?

(दृश्य: जालना जिल्ह्यातली मोसंबीची बाग. झाडाखाली बारीक हिरव्या फळांचा सडा.)

एप्रिल संपत आलाय. बदनापूर-अंबडच्या पट्ट्यात आंबे बहराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या, झाडांखाली रोज सकाळी हेच दिसतं. हिवाळ्यात पाणी तोडून ताण दिला, जानेवारीत पाणी सोडलं, बाग फुलांनी पांढरी झाली. त्यातली तोडणीपर्यंत टिकतात शंभरात एक-दोन, कधी तेवढीही नाहीत. सुरुवातीची बरीचशी गळ झाडाच्या स्वभावातली असते. जिवाला घोर लावते ती फळ धरल्यानंतरची, उन्हाळ्यातली.

(दृश्य: उमललेलं फूल, अगदी जवळून.)

परागीभवन झालं की फुलाच्या तळाशी, अंडाशयात, ऑक्सिन आणि जिब्रेलिन ही संप्रेरकं (वाढीचे हार्मोन) वाढतात. मोसंबीत जिब्रेलिनचं पारडं जड. ते पुरेसं असलं तर पेशी भराभर विभागतात, नाहीतर अंडाशय गळतो. अमेरिकेत फेलिक्स गुस्टाफसन यांनी १९३६ साली टोमॅटोच्या फुलांना परागाविना ऑक्सिनवर्गीय रसायनं लावून बिनबियांची फळं धरवली होती; म्हणजे पराग नसला तरी संप्रेरक फळ धरवू शकतं.

पण पेशी वाढायच्या तर साखर हवी. ती पानात तयार होते आणि सुक्रोजच्या रूपात फांदीच्या सालीतून फळाकडे येते. कवळ्या फळातलं इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. आलेलं सुक्रोज असं संपत राहतं, म्हणूनच मागून आणखी ओढलं जातं. संप्रेरकं ही ओढ वाढवतात. एकाच फांदीवरची फळं आणि नवी पालवी त्याच साखरेवर जगतात. ज्याची ओढ कमी, ते आधी उपाशी.

(दृश्य: तळ गाठलेली विहीर. मलूल पानं.)

पारा चाळिशीपार गेला की झाड पानांची रंध्रं मिटतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि साखर घटते. उपाशी फळात ॲबसिसिक आम्ल वाढतं, मागोमाग इथिलीन; हीदेखील संप्रेरकंच. मग देठाच्या सांध्यातल्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विकरं विरघळवतात. फळ सुटतं.

जिब्रेलिक आम्लाची, म्हणजे जिब्रेलिनचीच, फवारणी फळाची ओढ वाढवते. साखर मात्र पानंच करतात. पानं मलूल असताना त्या फवारणीच्या डब्यावर पैसा घालणं मला पटत नाही. आधी बुंध्याभोवती आच्छादन, ठिबकनं थोडं पण नेमानं पाणी. आणि पाणी फारच तुटपुंजं असेल, तर मन घट्ट करून काही फळं हातानंच उतरवावीत.