घोडी जिथं पाणी पिते

(बालाघाटातल्या भटकंतीबद्दल बीड येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, पाटोद्याकडचा बालाघाट तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिलाय. घोडीवर बसून निघालात तर तिथं रस्ता पाणी ठरवतं. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. आपली मांजरा गवळवाडीजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. पण उगमाकडं पाऊस सरला की धार तुटते, मागं डोह राहतात. म्हणून आमचा मुक्काम नेहमी डोहावर पडतो. डोह टिकला की मासाही टिकतो, त्यामुळं खोगिराच्या पिशवीत गळ आपसूक आला.

आधी घोडीचं बोलतो, कारण नवी पोरं चुकतात ती इथंच. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलं ते पुढंच जायला हवं, अडलं की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावतं. मी स्वतः ही चूक केली आहे. सौताड्याचा घाट चढून आलो, घोडी घामानं निथळत होती, आणि मी लाडानं तिच्यापुढं हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, ठेवली. रात्री ती कुशीकडं वळून वळून बघायला लागली, लोळायला लागली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत पहाटेपर्यंत तिला हळूहळू फिरवत होतो. वाचली. तेव्हापासून मुक्कामाला पोचलो की आधी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल, मग सावली, पाणी थोडं थोडं, वैरण, आणि अंग पुरतं निवल्यावरच चंदी. आपलं जेवण त्यानंतर.

वजनाचंही तसंच. तीनशे किलोच्या तट्टावर माणूस, खोगीर, सामान मिळून साठ किलोच्या वर नको. भरल्या अंगाच्या गड्यानं मोठं घोडं घ्यावं. उतारावर सुट्या मुरमात खाली उतरून लगाम धरून चालावं. आणि कुसळी गवत पिकलं असेल तर रोज संध्याकाळी घोडीचं तोंड उघडून बघा, कुसळं हिरडीत रुततात.

आता मासा. कटला, रोहू तलावात सोडलेले असतात. आपल्या डोहाचा खरा धनी मरळ. ती वर येऊन हवा घेते, म्हणून पाणी आटलं तरी ओल्या चिखलात तग धरते. दुष्काळी मुलखात राहायचं कसं, हे तिला आपल्याइतकंच ठाऊक आहे. काठावर गप्प बसलात तर तिचं वर येणं दिसतं: पाणी हलकंच फुटतं, एक वलय उठतं. गळ त्याच्या जरा पुढं टाकायचा.

पण पावसाळ्यात काठाजवळ तांबूस पिल्लांचा झुबका वळवळताना दिसला, तर गळ गुंडाळा. खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. जवळ आलेल्या कशावरही ते झेप घेतात, त्यामुळं पकडायला अगदी सोपे. त्यांना उचललं की तो झुबका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. अशी मरळ धरून फोटो काढणारे मी पाहिलेत, मला फार वाईट वाटतं.

बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायट्यांकडं असतो. त्यांना विचारल्याशिवाय दोरी टाकू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. नायगावच्या मयूर अभयारण्यात गळ न्यायचाच नाही. देवाच्या डोहातही नाही. आणि कुणाकडं आफ्रिकन मांगूर असेल तर तो डोहात सोडू नका. त्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे, तो बाकीचे मासे खाऊन टाकतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, घोडी घ्यायची कुठं? मार्गशीर्षात लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोड्यांचा मोठा बाजार असतो. पहिल्या दिवशी पैसे घेऊन जाऊ नका. नुसतं फिरा, दात बघायला शिका, चारी पाय उचलून खूर बघा, मालकाला घोडी दगडावरून चालवायला लावा. दुसऱ्या दिवशी मी येतो तुमच्याबरोबर.