तळ्यावरचा धूर

श्रोतेहो, नमस्कार.

गिटारच्या कुठल्याही दुकानात शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा. कुणीतरी पोरगा भिंतीवरची गिटार उतरवून घेतो, मान खाली घालतो आणि बारा सुरांची एक ओळ वाजवतो. काउंटरमागचा माणूस वर बघतसुद्धा नाही. त्यानं ती सकाळपासून चारदा ऐकलेली असते. 'डीप पर्पल' या इंग्लिश बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याची ती सुरुवात.

घरी पेटी असेल तर पांढरी पाचला सा धरा. सा, कोमल ग, म. मग सा, कोमल ग, तीव्र मध्यमाला हात लावून लगेच शुद्ध म. पुन्हा सा, ग, म आणि ग वरून सा. झालं. दोन मध्यम शेजारीशेजारी आले म्हणून कुणाला ललित आठवेल, पण तिथला गंधार शुद्ध, तेव्हा तो नाद सोडा. गंमत अशी की दुकानातला पोरगा हे बहुधा चुकीचं वाजवतो. तो एका तारेवर एकेक सूर काढत जातो. गिटारवादक रिची ब्लॅकमोर प्रत्येक सुराला त्याच्या खालचा चौथा सूर जोडतो आणि दोन्ही तारा बोटांनी एकदम उचलतो. ती धार गिटार छेडायच्या प्लास्टिकच्या नखीनं येत नाही.

आता गाणं कशाबद्दल आहे? तर एका आगीबद्दल. डिसेंबर 1971 मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या माँत्रो गावात आली होती. तिथलं कॅसिनो हिवाळ्यात बंद राहणार, तेव्हा रिकाम्या सभागृहात अल्बम ध्वनिमुद्रित करायचा, असा बेत. त्यासाठी 'रोलिंग स्टोन्स' या दुसऱ्या बँडची ध्वनिमुद्रणाची गाडी भाड्यानं आणलेली. बंद होण्याआधी एकच कार्यक्रम उरला होता, 4 डिसेंबरला, अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाचा. तो ऐन रंगात असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल, झाडली. छतानं पेट घेतला आणि बघता बघता अख्खं कॅसिनो जळालं. माणूस एकही दगावला नाही. माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचा संस्थापक क्लोद नोब्स स्वतः आत जाऊन पोरांना बाहेर काढत होता. गाण्यात त्याचंही नाव आहे. झॅपाची वाद्यं मात्र गेली, आणि सहाच दिवसांनी लंडनमध्ये एका प्रेक्षकानं त्याला मंचावरून खाली ढकललं. काही माणसांचा महिनाच वाईट असतो.

हॉटेलच्या खिडकीतून बँडनं पाण्यावर पसरलेला धूर पाहिला. पुढे एका सकाळी बेस, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तो 'स्मोक ऑन द वॉटर', पाण्यावरचा धूर, हेच शब्द पुटपुटत. गायक इयन गिलनला वाटलं, हे तर नशापाण्याचं गाणं वाटेल.

जागा गेली, गाडी दारात उभी. गावातलं दुसरं एक सभागृह मिळालं. तिथे रात्री हीच चाल वाजवायला घेतली, तर आवाजानं गाव जागं झालं आणि पोलीस आले. सामान वाहणाऱ्या पोरांनी आतून दार दाबून धरलं आणि तेवढ्यात वाद्यांचा ट्रॅक पुरा झाला. दुसऱ्या दिवशी तिथूनही हकालपट्टी. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल घेतलं. मार्गिकेत गाद्या उभ्या करून आवाज अडवला. बाहेरच्या गाडीपर्यंत जायची वाट खोल्या आणि बाल्कन्यांमधून. वाजवलेलं कसं झालं ते ऐकायला एवढी उठाठेव कोण करणार? त्यांनी ऐकायला जाणंच सोडून दिलं.

शब्दांत कसलंही काव्य नाही. गाव कुठलं, कार्यक्रम कुणाचा, आग कशी लागली, मग आम्ही कुठे गेलो, सगळं घडलं त्या क्रमानं. आपला शाहीर पोवाड्यात नावानिशीवार हकिकत सांगतो, तशातली ही जात. मला यातलं हेच आवडतं.

बँडला स्वतःला याची मातब्बरी वाटली नव्हती. 1972 मध्ये 'मशीन हेड' अल्बम आला तेव्हा त्यांची भिस्त 'नेव्हर बिफोर' या दुसऱ्याच गाण्यावर होती. आज ते किती जणांना आठवतं? 'स्मोक' सुटी तबकडी म्हणून 1973 मध्ये निघालं आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. 1988 मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा मदतनिधीसाठी नामवंत रॉक कलावंतांनी एकत्र येऊन पुन्हा वाजवायला निवडलं तेही हेच. एप्रिल 1995 मध्ये 'डीप पर्पल' मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात वाजवून गेले. ब्लॅकमोर तोवर बँड सोडून गेला होता, त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स होता.

आता गाणंच ऐकू या. आधी गिटार एकटी येईल. मग झांजेची टिकटिक आणि खरखरीत ऑर्गन, त्यामागून बाकीचे ड्रम. बेस सर्वांत शेवटी येतो. तो आला की रेडिओवर हात ठेवून बघा.