अडथळा, मुद्दाम नसला तरी

(दृश्य: सकाळ. रिकामं मैदान. एक गृहस्थ पिशवीतून रबरी बेस काढतात, मोजपट्टी ओढत चालत जातात.)

९० फूट. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या 'घरा'पासून, पहिला बेस ९० फुटांवर, तिथून दुसरा ९० फुटांवर, मग तिसरा, आणि तिसऱ्यापासून पुन्हा घर. बेसबॉलची सगळी भांडणं या चौकोनात मावतात.

बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका गावातलं हे सार्वजनिक मैदान. ऑक्टोबर संपत आलाय. मेपलची पानं थेट पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, उंचवट्यापर्यंत उडत येतायत. चार-पाच मराठी कुटुंबं थर्मासमध्ये चहा घेऊन सकाळी आठलाच इथं पोचली आहेत. त्यांना सामना खेळायचा नाही. २०१३च्या वर्ल्ड सिरीजमधले, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेतले, मोजके काही सेकंद त्यांना पुन्हा उभे करायचेत.

(दृश्य: तेरा-चौदा वर्षांचा मुलगा तिसऱ्या बेसजवळ पालथा झोपतो. दुसरा त्याचे पाय गुडघ्यातून वर वळवतो.)

(मूळ आवाज: "काका, अजून वर. त्याचे पाय असे हवेत होते.")

हा मुलगा आज विल मिडलब्रुक्स झालाय, बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा तिसऱ्या बेसवरचा फिल्डर. समोर कमरेवर हात ठेवून उभी असलेली मुलगी ॲलन क्रेग, सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचा रनर, म्हणजे बेसवरून बेसवर धावणारा. आणि फाउल रेषेजवळ, हातात चहाचा कप घेऊन उभे असलेले तिचे बाबा आज अंपायर आहेत. जिम जॉइस. आपली गोष्ट मुख्यतः त्यांची आहे.

(दृश्य: चौघे आपापल्या जागा घेतात. वरून घेतलेलं दृश्य, पूर्ण चौकोन दिसतो.)

२६ ऑक्टोबर २०१३. सेंट लुईसचं बुश स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना. सातपैकी चार सामने आधी जिंकेल तो विजेता, आणि बॉस्टन रेड सॉक्स व सेंट लुईस कार्डिनल्स १-१ अशा बरोबरीत. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, यजमान सेंट लुईसची बॅटिंग, धावफलक ४-४. एक आऊट. तिसऱ्या बेसवर यादिएर मोलिना, दुसऱ्यावर क्रेग. क्रेगचा डावा पाय सप्टेंबरमध्ये दुखावला होता आणि तो अजूनही लंगडत होता. ते लंगडणं लक्षात ठेवा.

आता सावकाश बघू.

जॉन जेनं चेंडू जमिनीवरून मारला. दुसऱ्या बेसचा फिल्डर डस्टिन पेड्रोया झेपावला, चेंडू अडवला आणि उठता उठता होम प्लेटकडे फेकला. कॅचर जॅरड सॉल्टलमाकियानं मोलिनाला टॅग केलं, म्हणजे चेंडू हातात धरून शिवलं. दोन आऊट. इथपर्यंत बॉस्टनचं सगळं छान चाललं होतं. कॅचरनं मान वर केली तर क्रेग दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे धावताना दिसला. त्यालाही टिपू म्हणून त्यानं चेंडू तिसऱ्या बेसकडे भिरकावला.

(दृश्य: चेंडू मुलाच्या हातमोज्याला चुकवून मागे गवतात जातो. मुलगा पालथा पडतो. मुलगी बेसला शिवून उठते, घराकडे वळते, त्याच्या अंगावरून अडखळून पडते. तिच्या गुडघ्यावर लाल माती.)

हे असंच झालं. फेक वेडीवाकडी आली, मिडलब्रुक्स झेपावला, चेंडू त्याला ओलांडून लेफ्ट फील्डकडे गेला. क्रेग उठून घराकडे निघाला आणि जमिनीवर पडलेल्या मिडलब्रुक्सला अडखळून कोसळला. परत उठला, लंगडत धावला. मागे डॅनियल नावा या फिल्डरनं चेंडू उचलून घराकडे फेकला. चेंडू आधी पोचला, क्रेग नंतर. सॉल्टलमाकियानं टॅग केलं.

डोळ्यांना दिसला तो आऊट. होम प्लेटचे अंपायर डेना डीमथ यांनी मात्र दोन्ही हात पसरून सेफ, म्हणजे नाबाद, दिला आणि बोट तिसऱ्या बेसकडे केलं. कारण तिथे जॉइस यांनी अडथळ्याची खूण आधीच केली होती. सेंट लुईस ५, बॉस्टन ४, सामना संपला. ऑब्स्ट्रक्शनच्या, म्हणजे अडथळ्याच्या, निर्णयावर संपलेला वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला तो पहिला सामना.

(दृश्य: मैदानाकडेच्या बाकावर बसलेल्या आजी. हातात स्वेटर. कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, मैदानाकडे बघतात.)

(मूळ आवाज: "पण त्यानं मुद्दाम नाही ना केलं? बिचारा पडला होता.")

सांगलीहून लेकाकडे आलेल्या आजींनी जे विचारलं, तेच त्या रात्री अर्ध्या अमेरिकेनं विचारलं. मिडलब्रुक्स चेंडूसाठी झेपावला होता. तो पडला नसता तर काय हवेत तरंगला असता? उठायला वेळ तरी मिळाला का त्याला? आणि इतका मोठा सामना अंपायरनं असा संपवायचा?

या माहितीपटासाठी आम्ही नियमाचं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं, आणि या कुटुंबांनीही तेच केलं.

(दृश्य: घराचं स्वयंपाकघर. टेबलावर नियमपुस्तिका, पेन्सिलीच्या खुणा, शेजारी चकलीचा डबा. बोट ओळीवरून सरकतं.)

२०१३मध्ये हा नियम ७.०६ या क्रमांकावर होता. २०१५मध्ये पुस्तकाची फेरमांडणी झाली, तेव्हापासून तो ६.०१च्या पोटात आहे. व्याख्या सरळ आहे: ज्या फिल्डरच्या हातात चेंडू नाही आणि जो चेंडू पकडण्याच्या क्रियेत नाही, त्यानं रनरची वाट अडवली तर तो अडथळा. मुद्दाम की चुकून, हा प्रश्न व्याख्येत येतच नाही. त्याखालची टीप तर जणू त्या रात्रीसाठीच लिहिलेली. फिल्डर चेंडूसाठी झेपावला, चेंडू त्याला ओलांडून गेला, आणि तो जमिनीवर पडून राहिल्यामुळे रनर अडला, तर बहुधा तो अडथळाच. चेंडू सुटला त्या क्षणी फिल्डरचा तिथे असण्याचा हक्क संपला. मग तो दमलेला असो, पडलेला असो, निष्पाप असो.

आपल्याला हे पचायला जड जातं, कारण आपण क्रिकेटवर वाढलो. क्रिकेटच्या ४१व्या कायद्यात फिल्डरनं बॅट्समनला अडवलं तर पाच धावांचा दंड आहे, पण ते जाणूनबुजून केलेलं असलं पाहिजे. बॅट्समन फिल्डिंगमध्ये अडथळा आणल्याबद्दल आऊट होतो, तिथेही हेतू बघतात. क्रिकेटचा अंपायर माणसाच्या मनात डोकावतो. बेसबॉलच्या या नियमाला फक्त जमीन दिसते: वाट कोणाची होती आणि ती कोणी अडवली. आम्हाला हा नियम जास्त न्याय्य वाटतो, आणि हे आम्ही उघडपणे सांगतो. क्रेगची वाट अडली होती. त्या धडपडीत गेलेला वेळ त्याला परत कोण देणार? मिडलब्रुक्सचा चांगुलपणा तर नाही देऊ शकत.

(दृश्य: पुन्हा मैदान. खडूच्या रेषेवर बोट ठेवून काका वाकलेले.)

वादाचा दुसरा मुद्दा हा. क्रेग खडूच्या रेषेवर धावतच नव्हता, थोडा आतून निघाला होता, मग अडथळा कसला? इथे पुष्कळ जाणकारही फसतात. खडूची रेषा म्हणजे रनरची वाट नव्हे. रनर जिथे असेल तिथून पुढच्या बेसपर्यंतची सरळ रेघ, ती त्याची वाट. ती तो स्वतः ठरवतो. दोन्ही बाजूंना तीन फुटांची मर्यादा येते ती कोणी टॅग करायला आलं तरच, आणि त्या क्षणी क्रेगला टॅग करायला आसपास कोणी नव्हतं. चेंडू तर केव्हाच मागे गेला होता.

(दृश्य: मुलगी दुसऱ्यांदा पडते, उठते, धावते. बाबा बोट दाखवतात, पण खेळ थांबवत नाहीत.)

बाबा काय करतायत ते बघा. नुसतं बोट दाखवतायत. खेळ चालूच आहे. प्रत्यक्ष टॅग होत असलेल्या रनरला अडवलं तर चेंडू तिथेच मृत होतो. त्याच्यावर टॅगची हालचाल चालू नसेल तर अंपायर खूण करतो आणि सगळं संपेपर्यंत थांबतो. मग विचार करतो: अडथळा नसता तर हा कुठे पोचला असता? अडखळून, पडून, उठून, दुखऱ्या पायानं धावूनही क्रेग थोडक्यात हुकला. वाट मोकळी असती तर तो पोचलाच असता. पन्नास हजारांच्या आसपास माणसं ओरडत असताना जॉइस यांनी हे सगळं बघितलं आणि हात वर केला. सामन्यानंतर अंपायर पत्रकारांसमोर बसले तेव्हा त्यांनी सांगितलं तेही हेच. हेतू असो वा नसो, तो अडथळाच.

हे तेच जिम जॉइस. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये पिचर आर्मांडो गलारागाचा परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर न पोचलेला सामना) शेवटच्या एका आऊटवर आला असताना पहिल्या बेसवर चुकीचा सेफ देणारे. चूक त्यांनी त्याच रात्री कबूल केली होती. लोकांच्या ध्यानात ती एक चूक राहिली. त्याच माणसानं वर्ल्ड सिरीजमधला सर्वांत अवघड निर्णय अचूक दिला, हे निदान आमच्या प्रेक्षकांच्या ध्यानात राहावं.

(दृश्य: संध्याकाळ. दिवाणखाना. टीव्हीवर या वर्षीची मालिका, पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर. कोणीतरी उठून टेबलावर वाट्या मांडून चेंडू कुठे पडला ते दाखवतंय.)

या घरात इनफील्ड फ्लायही असाच वाट्यांनी शिकवला जातो. पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर, दोनपेक्षा कमी आऊट, आणि इनफील्डरला, म्हणजे बेसजवळच्या फिल्डरला, सहज झेलता येईल असा उंच चेंडू: मग झेल घेतला नाही तरी बॅटर आऊट. नाहीतर फिल्डर मुद्दाम झेल सोडून दोघांना टिपेल. २०१२मध्ये अटलांटाच्या टर्नर फील्डवर असा एक चेंडू आऊटफिल्डच्या गवतात बराच आत पडला, तरीही हाच नियम लागला. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ थांबला. त्या रात्रीही जिंकले कार्डिनल्सच. आमच्या मते तो निर्णय ताणलेला होता. पण बाटली फेकून नियम कळत नाही, वाट्या मांडून कळतो.

(दृश्य: एक काका सोफ्यावरून उठून पिचरसारखे वळतात, उशी पहिल्या बेसकडे फेकतात.)

आणि हा २७ ऑक्टोबर २०१३, दुसऱ्याच रात्रीचा शेवट. चौथा सामना, बॉस्टन ४-२ पुढे, दोन आऊट. क्रेग पुन्हा लंगडत पहिल्या बेसवर पोचला, त्याच्या जागी तरुण कोल्टन वाँग धावायला आला. बॅटिंगला कार्लोस बेल्ट्रान. एका फटक्यात बरोबरी होऊ शकत होती. वाँग बेसपासून जरा जास्त सरकला. बॉस्टनचा पिचर कोजी उएहारा यानं बॅटरकडे चेंडू टाकलाच नाही, वळून पहिल्या बेसवर माईक नापोलीकडे फेकला. आऊट. बेस सोडून सरकलेल्या रनरला असं टिपणं म्हणजे पिकऑफ. पिकऑफवर संपलेला वर्ल्ड सिरीजचा हा पहिला सामना.

मुंबईच्या मैदानांवर खेळलेल्या विनू मांकडांनी १९४७मध्ये सिडनीला बिल ब्राउनला गोलंदाजाच्या टोकाला धावबाद केलं, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं खिलाडूपणाचा खल चालला. कायद्याच्या पुस्तकात हा बाद साध्या धावबादच्या कलमात आला तो २०२२मध्ये. उएहाराला कोणी खिलाडूपणा विचारला नाही. वाँग घर सोडून निघाला होता, उएहारानं दार लावलं. मांकडांनाही एवढंच समजून घेतलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

(दृश्य: फेनवे पार्कचा बाहेरचा रस्ता, रात्र. दिवे. रिकामा फुटपाथ.)

पुढचे दोन्ही सामने बॉस्टननं जिंकले. ३० ऑक्टोबरला फेनवेवर ६-१. डेव्हिड ऑर्टिझ मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. आपल्या घरच्या मैदानावर रेड सॉक्सनी विजेतेपद मिळवलं ते १९१८नंतर पहिल्यांदाच.

(दृश्य: बॉयल्स्टन स्ट्रीट. मॅरेथॉनची अंतिम रेषा, रस्त्यावर रंगवलेली. माणसं तिच्यावरून चालत जातात. निवेदन नाही. फक्त रस्त्याचा आवाज.)

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथे स्फोट झाले होते. विजयी मिरवणूक या रेषेवर थांबली होती.

(दृश्य: पुन्हा मैदान, ऊन वर आलेलं. बेस गोळा करायला काका निघालेत. मुलगा अजून तिसऱ्या बेसजवळ पालथाच.)

(मूळ आवाज: "थांबा ना काका! चेंडू माझ्या हातात असता तर?"

"मग तू आऊटच केलं असतंस तिला. तेव्हा वाट तुझी."

"आणि हातात येता येता सुटला असता तर?")

(दृश्य: काका मोजपट्टी खाली ठेवतात. पुस्तिकेसाठी खिसे चाचपतात. मुलगी दुसऱ्या बेसकडे परत जाते.)