गोष्ट सांगतंय कोण?

श्रोतेहो, नमस्कार. अलीकडे वाचलेल्या काही कादंबऱ्यांविषयी आज बोलायचं आहे. एक रहस्यकथा, दोन भयकथा, एक ग्रामीण, एक पौराणिक. प्रकार वेगवेगळे असले तरी प्रत्येकीला मी एकच प्रश्न विचारला आहे: ही गोष्ट सांगतंय कोण, आणि सांगणाऱ्याला काय ठाऊक नाही? कथानक कितीही भक्कम असो, निवेदक चुकीचा निवडला की कादंबरी उभी राहत नाही.

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' १८६८ सालची. अठराव्या वाढदिवशी एका मुलीला मिळालेला हिरा त्याच रात्री नाहीसा होतो. हकिकत अनेकांच्या तोंडून येते आणि प्रत्येकानं स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं, असा दंडक आहे. त्याचा फायदा पाहा. मुलीच्या खोलीच्या दारावर नुकतीच नक्षी रंगवली आहे आणि एका जागी रंग पुसला गेला आहे. काम दुपारी तीनला संपलं, रंग वाळायला बारा तास लागतात. म्हणजे पहाटे तीननंतर तो पुसला जाणं शक्यच नाही. तर मग रात्री दाराला घासून गेलेलं ते रंग लागलेलं कापड कुठे आहे? तपासाला आलेल्या सार्जंट कफला कळतं त्याच क्षणी हे आपल्यालाही कळतं. पुष्कळ रहस्यकथा नेमक्या इथेच घसरतात. गुप्तहेर चिठ्ठी वाचतो, गालात हसतो आणि चिठ्ठीतला मजकूर लेखक शेवटच्या प्रकरणापर्यंत दडवून ठेवतो. हे रहस्य नव्हे, ही वाचकाची फसवणूक आहे. कॉलिन्सची मिस क्लॅकही लक्षात राहते. दिसेल तिथे धार्मिक पत्रकं ठेवणारी ही बाई स्वतःला पुण्यवान समजते, पण तिचा मत्सर तिच्याच वाक्यांतून आपल्याला दिसत राहतो. तिला मात्र त्याचा पत्ता नसतो.

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'ची (१८१८) सुरुवातीची पत्रं कंटाळवाणी म्हणून बरेच जण गाळतात. कृपा करून गाळू नका. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला लिहितो, त्याच्या लेखनात तो जीव घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची कहाणी येते आणि तिच्या पोटात त्या निर्मित जीवाची. सध्या जास्त छापली जाते ती १८३१ची आवृत्ती चोवीस प्रकरणांची आहे. त्यात अकरा ते सोळा ही प्रकरणं तो जीव स्वतः बोलतो. ऐन मध्यावर! तोवर व्हिक्टरच्या नजरेतून राक्षस वाटलेला तो इथे झोपडीतल्या कुटुंबाचं चोरून ऐकत भाषा शिकतो आणि आपली सहानुभूती बाजू बदलते. पत्रं गाळलीत, तर व्हिक्टरसारखाच हट्टाला पेटलेला एक माणूस हे सगळं ऐकतो आहे, हेच निसटतं. ब्रॅम स्टोकरनं 'ड्रॅक्युला'त (१८९७) उलट केलं. रोजनिशी बरेच जण लिहितात, रक्त पिणाऱ्या काउंट ड्रॅक्युलाच्या वाट्याला मात्र एकही प्रकरण नाही. भीती त्यामुळेच टिकते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) छोटी आहे. धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर ती सांगतो. तो बाहेरचा, त्यामुळे वाडी त्याला जसजशी उमगते तसतशी आपल्याला. दुष्काळात वाडी रिकामी होताना तो गळा काढत नाही. पाहतो आणि सांगतो. माझ्या मते यातल्या एकाही वाक्याला हात लावायची गरज नाही.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'बद्दल (१९५९) माझं मत थोडं वेगळं आहे. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा असे तीन निवेदक. कल्पना उत्तम, कारण एकच घटना तिघांना तीन तऱ्हांनी दिसते. पण आवाज तीन आहेत का? तपासायची सोपी रीत सांगतो. तिघांच्या भागांतलं एकेक पान दुसऱ्या कुणाला तरी निवडायला लावा, नावं झाकून मोठ्यानं वाचा आणि कोण बोलतंय ते ओळखा. वाक्यांची लांबी, उपमांची दाटी, सुविचारांकडे जाणारा ओघ पुष्कळदा तिघांचाही सारखाच भरतो, कारण तिघांच्या मागून लेखकच बोलत असतो. त्यामुळे देवयानीचा अहंकार आपल्याला समजतो, पण तिच्या बोलण्यातून ऐकू येत नाही. शर्मिष्ठा लहानग्या पुरूला घेऊन वणवण करते तो भाग मात्र वेगळा काढावा लागेल. तिथे उपमा मागे पडतात आणि एका घाबरलेल्या आईची भाषा कानावर येते. कादंबरी हाती आली तर ती पानं सावकाश वाचा.