लपूनछपून चाललेला एआय

या आठवड्यात चॅटजीपीटीकडून काही ना काही लिहून घेतलेल्या प्राध्यापकांनी हात वर करा, असं मी आत्ता म्हटलं तर चार-पाच हात वर येतील. मधल्या सुट्टीत एकेकाला गाठून विचारलं, तर निम्मी खोली कबूल करेल. हे अंतर का पडतं, यावर मला आज बोलायचं आहे.

माणूस नवं तंत्र का स्वीकारतो, याबद्दल माहिती-तंत्रज्ञानाचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये केलेली मांडणी अजूनही वापरात आहे. हे माझ्या उपयोगाचं आहे का आणि वापरायला सोपं आहे का, या दोन प्रश्नांवर सगळं ठरतं, असं ती सांगते. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, तेव्हा दोन्हींना आपलं उत्तर 'हो' होतं. मग चोरी कशाची? तर हेच करू नका, असं आपण वर्गात बजावून आलेलो असतो!

बैठकीचं इतिवृत्त, अहवाल, पत्रं यांत मला काही वावगं वाटत नाही. घोडं अडतं ते शिकवण्याच्या टिपणांपाशी. मागे एका तासासाठी मी चॅटजीपीटीकडे संदर्भ मागितले. एका लेखाचं शीर्षक इतकं नेमकं होतं, की हा आपल्या नजरेतून सुटलाच कसा, म्हणून मीच ओशाळलो. खंड, अंक, पानं, सगळं जिथल्या तिथे. अंक काढून बघितला, तर त्या पानावर भलताच लेख. पुढे कुठला शब्द शोभेल एवढंच यंत्र जुळवत जातं. लेख खरोखर आहे की नाही, हे त्याच्या गावीही नसतं.

एआयकडून लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना पकडणारी यंत्रं तर त्याहून बेभरवशाची. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत गुंडाळलं. त्याच वर्षी संशोधकांनी अशा सात साधनांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध दिले. ते लिहिले होते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी, पण सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. बेताचा शब्दसंग्रह आणि साधी वाक्यं, एवढाच त्यांचा गुन्हा. अशा निकालावर आपण कुणाचे गुण कापणार?

म्हणून मी आता एआय कुठे वापरला, ते वर्गात आधीच सांगतो. तो खोटा संदर्भही पडद्यावर दाखवतो. पहिल्यांदा दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, मग गेल्या सत्रातली टिपणं कुणाची होती?"

घरी जाऊन ती फाइल उघडली. पहिली तीन पानं माझी होती. चौथ्या पानाबद्दल मला खात्रीने सांगता येईना.